जुन्या बुलेटच्या मीटरचा काटा मंद झाला असेल तर

कसबा बावड्याहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, वडिलांच्या १९७४ सालच्या बुलेट ३५० च्या मीटरचा काटा गेल्या पावसाळ्यापासून मंद झाला आहे. गाडी साठच्या वेगाने धावत असली तरी काटा रेंगाळत चाळिसापर्यंत कसाबसा चढतो, आणि गाडी थांबल्यावर विसाच्या आसपास अडकून राहतो. सकाळी हा दोष जास्त जाणवतो, पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर काहीसा कमी होतो. त्याआधीच्या दिवाळीत एका गॅरेजमध्ये नवी केबल भरपूर ग्रीस लावून बसवली होती. आता तिथूनच मीटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु वडिलांच्या हातचे मीटर काढून टाकायला त्यांचे मन तयार नाही.

मीटर बदलू नका. तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की, दोष कुठे आहे हे त्यातूनच बऱ्याच अंशी कळते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या गाड्यांची मीटरे दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि माझ्याकडे ‘मेलेले’ म्हणून आलेल्या मीटरांपैकी बहुतेकांना नव्या भागाची गरज नव्हती, फक्त स्वच्छतेची होती. मात्र ती स्वच्छता कुठे करायची आणि कुठे हात लावायचा नाही हे समजण्यासाठी आत काय घडते ते आधी पाहायला हवे.

या मीटरमध्ये केबल आणि काटा यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. केबलची आतली तार एका दांड्याला फिरवते, त्या दांड्यावर लोहचुंबक बसवलेले असते, आणि चुंबकाभोवती त्याला स्पर्श न करता ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. चुंबक फिरू लागले की वाटीत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढतात. ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते. वाटीच्या दांड्यावर घड्याळात असते तशी केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग असते; ती वाटीला मागे खेचते, आणि ओढ व स्प्रिंग यांचा जिथे तोल साधतो तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे याने या रचनेचे पेटंट १९०२ मध्ये घेतले आणि पुढे दशकानुदशके जगभरच्या गाड्यांत तीच वापरली गेली. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की काट्याला हलवणारी शक्ती अतिशय क्षीण आहे. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा चिकटा वाटीच्या दांड्याच्या टोकाशी जमला तरी तो तिला अडवायला पुरेसा होतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि तिच्याबाबत आमच्या धंद्यातसुद्धा मोठा गैरसमज आहे. काटा मंद झाला की ‘केबल जड झाली आहे, ग्रीस मारा’ असे सर्रास सांगितले जाते. केबल कितीही जड झाली तरी, तुटत नाही तोवर, चाकाच्या फेऱ्यांच्या ठरलेल्या प्रमाणात तिला फिरावेच लागते. वर पोहोचणाऱ्या फेऱ्या ती कमी करू शकत नाही. जड केबल फिरताना अडखळते, पीळ साठवते आणि मग एकदम सोडते, त्यामुळे काटा थरथरतो, उड्या मारतो, आणि अखेर तार तुटून तो शून्यावर पडतो. चढताना मंद, चढल्यावरही अपुरा आणि उतरताना अडकलेला, असा काटा मात्र केबलमुळे होत नाही. त्याचा अर्थ घर्षण वाटीच्या दांड्यापाशी आहे, कारण घर्षण दोन्ही दिशांनी विरोध करते.

चुंबकाची शक्ती कमी झाली असती तर चित्र वेगळे दिसले असते. अशा मीटरचा काटा चपळ असतो, गाडी थांबली की टुणकन शून्यावर येतो, फक्त प्रत्येक वेगाला सारख्याच प्रमाणात कमी दाखवतो, म्हणजे चाळिसाला बत्तीस आणि साठाला अठ्ठेचाळीस. तुमचा काटा विसावर अडकतो, त्यामुळे चुंबकावर संशय घेण्याचे कारण नाही. गाडी चालून मीटरला ऊब मिळाल्यावर दोष कमी होतो हेही महत्त्वाचे, कारण घट्ट झालेले तेल उबेने सैल होते.

आता त्या ग्रीसविषयी. केबलची आतली तार म्हणजे एकमेकींवर पिळून बसवलेल्या बारीक तारांची दोरी असते. ती फिरू लागली की तिचे पीळ मळसूत्रासारखे काम करतात आणि अनेक गाड्यांत जादा ग्रीस थोडे थोडे वर चढवत मीटरपर्यंत नेतात. मीटरच्या मानेतील बुशमधून, म्हणजे चुंबकाचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीतून, ते आत शिरते, फिरत्या चुंबकावरून उडते, आणि वाटीवर, दांड्याच्या टोकांवर, डायलच्या मागच्या बाजूवर त्याचा पातळ थर बसतो. काही महिन्यांत त्यातले तेल उडून किंवा पसरून जाते, मागे उरलेला साबणासारखा भाग धूळ आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातला ओलावा धरून राळेसारखा होतो. दिवाळीत ग्रीस आणि पुढच्या पावसाळ्यात मंद काटा, हा तुमचा घटनाक्रम याच्याशी तंतोतंत जुळतो. ज्या गाड्यांत मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते त्यांत तर गिअरचे तेलच केबलवाटे वर येऊन पोहोचते, पण तुमच्या बुलेटमध्ये केबल पुढच्या चाकापासून निघत असल्याने तो प्रश्न नाही.

मीटर उघडण्याआधी तीन तपासण्या करा, कारण मला एकदा त्या न केल्याचा पश्चात्ताप झाला आहे. एका जुन्या गाडीचे मीटर मी दोन संध्याकाळी खपून स्वच्छ केले, टेबलावर ते उत्तम चालले, आणि गाडीवर बसवल्यावर काटा पुन्हा थरथरू लागला. हेडलाइटच्या मागे केबलला इतका कडक बाक आला होता की बाहेरचे आवरण आतून घासून तारेवर चमकदार पट्टा उठला होता. त्या मीटरला थरथरीचा दोष नव्हताच.

पहिली तपासणी किलोमीटरच्या आकड्यांची. हे आकडे दातेरी चक्रांवर चालतात, त्यांना चुंबकाशी काही देणेघेणे नसते. शिरोलीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने किणीच्या दिशेने जाताना किलोमीटरचे दगड आहेत; पाच किंवा दहा किलोमीटर अंतरात मीटरचे आकडे दगडांशी जुळले तर चाकापासून मीटरपर्यंत फेऱ्या पूर्ण पोहोचत आहेत आणि कमी दाखवण्याचा दोष फक्त वाटी, स्प्रिंग आणि काटा एवढ्यातच आहे. आकडे जुळले नाहीत तर चाकाजवळच्या, केबलला फिरवणाऱ्या गिअरचे प्रमाण चुकीचे आहे, आणि हे जुन्या गाड्यांत भाग बदलताना वारंवार घडते.

दुसरी तपासणी केबलची. मीटरजवळचा नट सोडवा, मदतनीसाला पुढचे चाक जमिनीवरून उचलून हळूहळू पुढच्या दिशेने फिरवायला सांगा, आणि तारेचे टोक पाहा. ते अखंड फिरायला हवे आणि कुठेही थबकून उसळायला नको. त्याच वेळी ते कोणत्या दिशेने फिरते ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. टोकाला कागदाची छोटी झेंडी चिकटवून चाकाच्या दहा फेऱ्यांत तारेच्या किती फेऱ्या होतात तेही मोजा. १९ इंची चाकावर ३.२५ चा टायर असेल तर एका फेरीत गाडी साधारण दोन मीटर पुढे जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे पाचशे फेऱ्या; चाकाजवळचे प्रमाण एकास दोन असेल तर तार किलोमीटरला सुमारे हजार फेऱ्या करते. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच जुन्या मीटरांच्या डायलवर १६०० हा बारीक आकडा असतो, तो मैलाला १६०० फेऱ्या असे सांगतो, म्हणजे किलोमीटरला ९९४. जपानी पद्धतीच्या अनेक मोटारसायकल मीटरांना मात्र किलोमीटरला १४०० फेऱ्या लागतात. तुमच्या डायलवरचा आकडा भिंगाखाली नीट वाचा.

तिसरी तपासणी ड्रिलची. मीटर काढून घ्या, जुन्या तारेचा चौकोनी टोकाचा एक तुकडा वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये पकडा, आणि मीटर त्याच दिशेने फिरवा जी तुम्ही लिहून ठेवली आहे. उलट फिरवल्यास काटा शून्याच्या पिनवर दाबला जातो आणि आकड्यांची चक्रे बिघडू शकतात. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून किलोमीटरला जितक्या फेऱ्या तितक्याच मिनिटाला फेऱ्या दिल्या की काटा साठावर यायला हवा. हा हिशोब इतका सोपा आहे की मी तो प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी करायला लावतो. काटा हळूहळू चढून कमी पडला, आणि मीटरच्या कडेवर नखाने टकटक करताच एकदम पुढे सरकला, तर घर्षणाबद्दल शंका उरत नाही.

उघडण्यापूर्वी दोन सावधगिरीच्या गोष्टी. काटा एका लयीत टप्प्याटप्प्याने सरकत असेल तर तुमच्या हातात चुंबकाचे मीटर नसून स्मिथ्सचे क्रोनोमेट्रिक मीटर आहे. त्यात घड्याळासारखी मोजणारी यंत्रणा असते आणि ती सेकंदाच्या सुमारे पाऊण भागाने वेग नव्याने दाखवते. टप्प्याने सरकणे हा तिचा स्वभाव आहे, दोष नाही. ती उघडू नका, जाणकाराकडेच द्या. आणि १९५० च्या दशकातले किंवा त्याआधीचे मीटर असेल, आकडे आणि काटा पिवळट-तपकिरी जाड रंगाचे असतील, तर तो रंग रेडियमचा असू शकतो. तो अंधारात चमकेनासा झाला तरी त्यातला किरणोत्सर्ग संपलेला नसतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. असा रंग खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये, त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. तुमचे १९७४ चे मीटर या काळानंतरचे आहे, पण हे वाचणाऱ्या आणखी कोणाकडे जुनी ब्रिटिश गाडी असू शकते.

मीटर कारखान्यात उघडू नका. हे मी उद्यमनगरात बसूनच सांगतो आहे. आमच्या भागात लेथ, ग्राइंडर आणि फाउंड्रीमुळे हवेत लोखंडाचा कीस कायम असतो, आणि उघडे चुंबक तो स्वतःकडे खेचून घेते. एकदा ते बारीक कण चुंबक आणि वाटीमधल्या फटीत शिरले की वाटी घासू लागते आणि त्यांना बाहेर काढणे अत्यंत कष्टाचे होते. म्हणून असे काम मी दुकानात करत नाही, घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून, पंखा बंद करून करतो. पोलादी स्क्रूड्रायव्हर आणि चिमटे चुंबकाजवळ नेताना हात घट्ट धरा. चुंबकाकडे झेपावलेला चिमटा हेअरस्प्रिंगला लागला तर ते मीटर संपले.

काचेभोवतीची कडी मागच्या बाजूला दुमडलेली असते. लहान, बोथट धारेचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ती पूर्ण घेराभोवती एका वेळी केसभरच उचला, आणि अशा चार-पाच फेऱ्या करा. घाई करून एकाच जागी जोर लावला तर कडीला कायमची लाट पडते. कडी, काच आणि रबर निघाले की डायल समोर येते. काट्याचा रंग जुना झाल्यावर ठिसूळ होतो, त्याला बोट लावू नका.

बऱ्याच मीटरांमध्ये काटा न काढताही बाजूने वाटीपर्यंत पोहोचता येते, आणि तसे करता आले तर काटा काढण्याच्या भानगडीत पडूच नये. काढावाच लागला तर आधी एक काम करा. शून्यावर असलेला काटा थेट मोकळा नसतो, स्प्रिंगच्या थोड्या ताणाने तो पिनवर टेकलेला असतो. त्याला अलगद वाकवून पिनवरून पलीकडे सोडा आणि तो जिथे स्थिरावतो तिथे डायलच्या बाहेर पेन्सिलीने खूण करा. काटा परत बसवताना तो याच खुणेवर बसवून मग पिनवरून अलीकडे आणायचा आहे. ही खूण न करता बसवलेला काटा शून्यावर अगदी बरोबर दिसतो आणि प्रत्येक वेगाला चुकीचे दाखवतो. तुमच्या काट्यावर आता घर्षण आहे, म्हणून खूण करताना मीटरला हलकेच टिचकी मारत राहा आणि काटा खरोखर स्थिर झाला याची खात्री करा.

आता ती नेमकी जागा. वाटीच्या दांड्याला दोन टोके असतात. वरचे टोक डायलच्या मागच्या स्थिर पट्टीतल्या छोट्या छिद्रात फिरते. खालचे टोक अनेक मीटरांत थेट चुंबकाच्या फिरत्या दांड्याच्या मधल्या खळग्यात टेकलेले असते. तिथे चिकटा असेल तर गाडी चालताना तो वाटीला उलट पुढे ओढतो आणि काटा जास्त दाखवतो. वरच्या स्थिर छिद्रात चिकटा असेल तर काटा कमी दाखवतो. तुमचा काटा कमी दाखवतो, म्हणून मुख्य दोष वरच्या टोकाशी असणार. मी भिंगातून पाहतो तेव्हा तिथे बहुधा मधाच्या रंगाची एक बारीक कडी दांड्याभोवती जमलेली दिसते.

शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवून, झटकून, फक्त ओलसर असताना त्या कडीला लावा. खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. दोन मिनिटे थांबा, ब्रशच्या टोकाने वाटी थोडीशी फिरवून सोडा, टिपकागदाचा टोकदार तुकडा लावून विरघळलेला मळ शोषून घ्या, आणि हे सात-आठ वेळा करा. कडी पहिल्या प्रयत्नात जात नाही. मळ एका ठिकाणचा दुसरीकडे जाऊन बसू नये म्हणून शोषून घेणे हे विरघळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. डायलवर व्हाइट पेट्रोल सांडू देऊ नका आणि स्पिरिट तर मुळीच वापरू नका, कारण काही डायलवरचे आकडे त्याने पुसले जातात. हेअरस्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये तेल दिसले तर तेही असेच शोषून घ्या, नाही तर वेढे एकमेकांना चिकटून स्प्रिंग ताठ होते आणि काटा कमी दाखवू लागतो. वाटी आणि चुंबक यांच्यामधली फट चिकटपट्टीच्या अरुंद पट्टीने पुसून काढा. लोखंडाचे कण तिलाच चिकटून येतात. सुकल्यावर काटा बोटाने न हलवता मीटर हातात धरून हलके वळवा. वाटी मोकळी झाली असेल तर काटा थरथरून लगेच जागेवर येतो, आणि तो क्षण पाहण्यासाठी इतकी खटपट करावी असे मला आजही वाटते.

तेलाविषयी माझे मत ठाम आहे. वाटीच्या टोकांना तेल देऊ नका; दिलेच तर घड्याळजी वापरतात ते तेल सुईच्या टोकावर जेवढे चिकटेल तेवढेच. गंज काढण्याचे स्प्रे मीटरच्या आत मारणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने काटा आठवडाभर सुरळीत चालतो, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो, आणि नंतर तोच स्प्रे सुकून पहिल्यापेक्षा चिवट थर तयार करतो. तेलाची खरी गरज चुंबकाच्या दांड्याच्या बुशला असते. काही मीटरांच्या मानेवर एक छोटी धातूची टिकली असते आणि तिच्यामागे तेल धरून ठेवणारी वात. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

काचेभोवतीची कडी परत दाबताना रबर नवे घाला, कारण जुने रबर ताठर झालेले असते आणि पावसाळ्यात ओलावा तिथूनच आत येतो. कडी दाबायला मी हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून मिळालेली गुळगुळीत पोलादी सळई वापरतो. दागिन्याची कड वळवण्यासाठी बनलेले ते हत्यार या कामाला अगदी योग्य आहे.

केबलची तार पूर्ण बाहेर काढून रॉकेलमध्ये धुवा, सुकवा, आणि दोन्ही टोके हातात धरून इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन बोटांत फिरवा. एखाद्या जागी ती उसळली तर तिथे मोड आहे आणि तार बदलावी लागेल. ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला, तेही कापडाने पुसल्यावर उरेल एवढेच. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा. बसवताना केबलला कुठेही सहा इंचांपेक्षा लहान त्रिज्येचा बाक येऊ देऊ नका आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. नट हाताने सहज पूर्ण बसला पाहिजे. तो बसत नसेल तर तार लांब आहे. जोर लावून आवळल्यास ती चुंबकाचा दांडा वर ढकलते आणि चुंबक वाटीला लागते.

शेवटी पुन्हा महामार्गावर जा. काटा ४० वर स्थिर ठेवल्यावर दोन दगडांमधले अंतर ९० सेकंदांत, ५० वर ७२ सेकंदांत आणि ६० वर ६० सेकंदांत पार व्हायला हवे. मागे बसलेल्याने वेळ मोजावी, चालवणाऱ्याने नव्हे. मोबाइलच्या जीपीएसशीही ताडून पाहता येते. मीटर दोन-तीन किलोमीटरने जास्त दाखवत असेल तर तसेच राहू द्या. भर उन्हाळ्यातल्या दुपारी आकडा किंचित उतरला तरी घाबरू नका, कारण तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये प्रवाह कमी वाहतो आणि ओढ थोडी घटते.

महिन्याभराने मीटरजवळचा नट एकदा सोडवा आणि तारेच्या वरच्या टोकाला पांढरा टिपकागद लावून पाहा. कागद कोरडा निघाला तर काम झाले. त्यावर तेलाचा डाग उमटला तर मीटरला हात न लावता आधी केबलमधले ग्रीस पुन्हा कमी करा.